सह्याद्रीच्या कातळावर: दगड, बोल्ट, दोर आणि बोटं

क्लाइंबिंग रविवारपुरतं राहत नाही आणि त्याभोवती आधी आठवडा, मग वर्ष फिरायला लागतं, तेव्हा ताकदीचा भाव हळूहळू उतरतो. सह्याद्रीत पंधरा-वीस वर्षं टिकून चढणारी माणसं बघा. पुल-अप्समध्ये ती पहिली येतीलच असं नाही. पण दगड ठोकून बघायचा, गाठ दुसऱ्यांदा तपासायची, दोर हाताखालून सरकवायचा, याचा त्यांना कंटाळा नसतो. वॉलवर (कृत्रिम भिंतीवर) चांगला ग्रेड, म्हणजे अवघडपणाची पातळी, चढणारी मुलं हल्ली पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. नवी मुंबईत २०१६ मध्ये बोल्डरिंगचा (दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढण्याचा) वर्ल्ड कप झाला, ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला, त्यानंतर तर वॉलवर रांगा लागतात. छानच आहे. पण वॉलवरचा होल्ड, म्हणजे हातापायाची पकड, कुणीतरी स्क्रूने आवळलेला असतो आणि वानरलिंगीच्या सुळक्यावरचा नसतो, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आपला कातळ बेसॉल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक साचत गेले, म्हणून आपला कडा सलग नसतो, थरांचा असतो. एक थर घट्ट, काळा, उभ्या भेगांचा. एक सच्छिद्र, पांढऱ्या गाठी भरलेला. मधेच एखादा लालसर, मातीसारखा ठिसूळ पट्टा. पायथ्याशी बसून दुर्बिणीतून अर्धा तास कडा बघितला तर हे थर रंगावरून आणि गवताच्या आडव्या ओळींवरून सरळ ओळखू येतात. घट्ट थरात होल्ड बारीक, पण इमानी. सच्छिद्र थरात होल्ड भरपूर, हात अख्खा आत जातो, आणि नेमकी तिथेच गाठीसकट कपची हातात येते. लाल पट्ट्यावर बहुधा लेज (आडवा कट्टा) मिळते. बसायला ती झकास, पण बिलेचे (चढणाऱ्याचा दोर सांभाळण्याचे) बोल्ट, म्हणजे कातळात ठोकायचे खिळे, तिथे मारायचे नाहीत. हात वर करून पोचेल तिथला घट्ट थर शोधायचा.

होल्ड वापरण्याआधी तळव्याच्या टाचेने ठोका. घट्ट दगड मुका राहतो किंवा कडक वाजतो, सुटा असेल तर पोकळ, ढब्ब असा आवाज येतो आणि बोटांना हलकी थरथर जाणवते. संशय असेल तर वजन खालच्या दिशेने द्यायचं, बाहेर कधीच ओढायचं नाही. बेसॉल्टचे ठोकळे नुसते एकमेकांवर टेकलेले असतात. खाली दाबलेला ठोकळा बसून राहतो, बाहेर खेचला की निघतो. हाच नियम फ्रेंड्सना, म्हणजे भेगेत फुगून अडकणाऱ्या स्प्रिंगच्या उपकरणांना. उभ्या भेगेत फ्रेंड लावला आणि भेगेची एक बाजू सुटी कपची असेल, तर पडल्यावर फ्रेंडच ती कपची पाचरीसारखा उचकटतो. भेगेत माती भरलेली असेल तर आधी ती नट-कीने (पातळ लोखंडी आकड्याने) उकरून काढा, नाहीतर फ्रेंड मातीला धरून बसतो आणि आपण फ्रेंडला.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे शेवटचे दहा-पंधरा फूट. अवघड चढाई संपलेली असते, उतार कमी होतो, कातळाच्या जागी मुरूम आणि वाळलेलं गवत येतं. बोल्ट मारायला दगड नाही, शेवटचा बोल्ट खूप खाली राहिलेला, आणि मन आधीच माथ्यावर पोचलेलं. इथे घाई करू नये. कातळ संपण्याआधी, शेवटच्या घट्ट जागी एक बोल्ट जास्त मारावा. तो तिथे कितीही निरर्थक वाटला तरी. गवताची झुडी धरायची वेळ आली तर पात्यांना न धरता बुंध्याशी, मुळांजवळ मूठ घालायची, आणि तीही फक्त तोल सावरायला.

दगड सुटतोच. म्हणून बिले देणारा लीडच्या, म्हणजे दोर घेऊन पहिला चढणाऱ्याच्या, बरोब्बर खाली नको. बाजूला, शक्य तर कातळाच्या एखाद्या फुगीर पोटाखाली, स्वतः अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) बांधलेला. बाकीची मंडळी फोटोसाठी पायथ्याशी घोळका करून उभी असतात, त्यांना उठवून लांब बसवा. हेल्मेट खालच्यांनीही घालायचं. ‘दगड!’ अशी हाक आली की वर बघायचं नाही, कड्याला चिकटायचं.

आता ऊन. काळा कातळ तापला की बोटं घामाने सुटतात आणि बुटाचं रबर मऊ पडून घसरतं. पश्चिमेकडे तोंड असलेले कडे, कोकणकड्यासारखे, सकाळी सावलीत असतात, दुपारनंतर भाजून काढतात. पूर्वेकडचे बरोब्बर उलटे. त्यामुळे पहाटे चारला निघायचं की दहाला, हे कडा ठरवतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये सुळक्यावर जायचं तर माणशी चार-पाच लिटर पाणी स्वतः वर ओढायची तयारी हवी.

आग्या मोहोळांचं वेगळं सांगायला हवं. ओव्हरहँगच्या (बाहेर झुकलेल्या कातळाच्या) खाली काळपट लोंबणारे पोळे दुर्बिणीतून आधी शोधा. मार्ग पोळ्याच्या जवळून जात असेल तर त्या दिवशी दुसरा मार्ग, किंवा घरी. पायथ्याशी चूल पेटवायची नाही, उग्र वासाचं अत्तर किंवा डिओ लावून यायचं नाही, ड्रिल आणि हातोड्याचा आवाजही त्यांना चालत नाही. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, म्हणून लीडच्या खिशात चेहरा-मान झाकेल एवढं पातळ कापड असावं आणि खाली उतरवण्याची व्यवस्था कायम तयार असावी.

बोल्टबद्दल आपल्याकडे फार श्रद्धाळूपणा आहे. ‘बोल्ट आहे ना, मग झालं.’ जुन्या मार्गांवर दिसतात ते पुष्कळदा हाताने ठोकून बसवलेले, जेमतेम ३० मिलिमीटर खोल, आठ मिलिमीटरचा स्क्रू लागणारे. त्या काळात एक बोल्ट मारायला हातोडा आणि होल्डर घेऊन अर्धा तास लागायचा. ज्यांनी ते सुळके पहिल्यांदा चढले त्यांना सलामच. पण त्या लोखंडाने त्यानंतर किती पावसाळे खाल्लेत ते मोजा. बोल्टखाली गंजाचा ओघळ, फिरणारा हँगर (बोल्टवरची कॅराबिनर अडकवायची पट्टी), बोल्टभोवती दगडाला चिरा, घरी बनवलेली पातळ पट्टी, यातलं काहीही दिसलं तर त्याचा वापर फक्त ‘नसल्यापेक्षा बरा’ एवढाच.

नवा बोल्ट मारायचा तर १० किंवा १२ मिलिमीटरचा स्टेनलेस एक्स्पान्शन बोल्ट (भोकात फुगून पकड घेणारा), हँगरही त्याच धातूचा. स्टेनलेस हँगर आणि जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट अशी जोडी दमट हवेत लवकर गंजते. आधी हातोडीने आजूबाजूचा हातभर कातळ वाजवून घ्या. कडेपासून, भेगेपासून आणि दुसऱ्या बोल्टपासून वीतभर तरी अंतर. भोक पृष्ठभागाला काटकोनात. मग ब्रश आणि फुंकणी, पुन्हा ब्रश, पुन्हा फुंकणी, धूळ यायची थांबेपर्यंत. बोल्ट फिरतो, घट्ट बसत नाही अशी तक्रार येते तिथे बऱ्याच वेळा ही धूळच असते, किंवा कातळ सच्छिद्र असतो. सच्छिद्र कातळात एक्स्पान्शन बोल्टची पकड नीट बसत नाही. तिथे ग्लू-इन (गोंदाने चिकटवायचा बोल्ट) लागतो, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत त्यावर लटकायचं नाही. नट पान्याने दात-ओठ खाऊन आवळू नका. जास्त आवळलेला बोल्टही दगड फोडतो. कंपनीने टॉर्क दिलेला असतो, तो पाळा. आणि किल्ल्यांच्या कोरीव पायऱ्या, टाकी, लेणी यांच्या आसपास ड्रिल काढायचंच नाही. यावर चर्चा नको.

अँकरला दोन बोल्ट, आणि स्लिंगच्या (शिवलेल्या नायलॉन पट्ट्याच्या) दोन पायांमधला कोन ६० अंशांच्या आत. ६० अंशांवर प्रत्येक बोल्टवर वजनाच्या साधारण ५८ टक्के येतं, ९० वर ७१, आणि १२० वर प्रत्येकावर पूर्ण वजन. म्हणजे दोन बोल्ट मारायची मेहनत फुकट. स्लिंग आखूड पडते म्हणून ती ताणून आडवी लावणारे जागोजागी दिसतात. लांब स्लिंग घ्या, स्वस्त असते.

पडणं किती जोराचं, हे फूट मोजून कळत नाही. पडलेलं अंतर भागिले बाहेर सोडलेला दोर, हा आकडा बघायचा. वीस मीटर दोर बाहेर आहे आणि लीड शेवटच्या बोल्टच्या तीन मीटर वर आहे. पडला तर सहा मीटर, भागिले वीस, ०.३. डायनॅमिक, म्हणजे ताणणारा, दोर हे सहज पचवतो. आता दुसऱ्या पिचची (चढाईच्या दोरभर टप्प्याची) सुरुवात बघा. बिले स्टेशनच्या तीन मीटर वर, मधे एकही बोल्ट नाही. पडलेलं अंतर तेच सहा मीटर, दोर फक्त तीन, आकडा २. यापेक्षा मोठा आकडा साध्या चढाईत येत नाही, आणि सगळा झटका थेट अँकरवर आणि बिले देणाऱ्यावर. म्हणून स्टेशन सोडल्यावर पहिला बोल्ट शक्य तितक्या लवकर, जागा सोपी असली तरी. आणि म्हणूनच लीडसाठी स्टॅटिक, म्हणजे न ताणणारा, दोर कधीच नाही. तो उतरायला, झुमारिंगला (दोराला पकडी लावून वर चढायला), सामान ओढायला. ‘थोडंसंच चढायचंय’ म्हणून स्टॅटिकवर लीड करणारा ग्रुप दिसला तर त्यांना थांबवा, राग आला तरी येऊ द्या.

आठाची गाठ हार्नेसच्या दोन्ही पॉइंट्समधून परत घातलेली, समांतर, शेपूट दहा सेंटिमीटर तरी. बोलत बोलत गाठ मारायची नाही. गाठ अर्धी असताना कुणी काही विचारलं आणि ती अर्धीच राहिली, असे अपघात जगभरातल्या कसलेल्या क्लाइंबर्सचे झालेत. एकमेकांची गाठ, बकल, बिले डिव्हाइस (दोर रोखणारं उपकरण) आणि कॅराबिनरचा (कडीचा) स्क्रू हाताने दाबून बघायचा, नजरेने नाही.

माथ्यावर पोचून सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. धोका अजून संपलेला नसतो, कारण रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून उतरताना, सगळं वजन सतत एकाच व्यवस्थेवर असतं आणि माणूस दमलेला असतो. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी. हे न केल्याने माणूस दोर संपून खाली जातो. दोन दोर जोडायचे तर चपटी ओव्हरहँड गाठ, शेपट्या किमान ३० सेंटिमीटर, चारही दोरे एकेक करून ओढून घट्ट केलेले. दोर स्लिंगमधून थेट ओवायचा नाही. खाली उतरून दोर ओढताना नायलॉनवर नायलॉन घासतं आणि स्लिंग वितळते. लोखंडी रिंग किंवा मागे सोडायचा कॅराबिनर हवा. डिव्हाइसखाली सहा मिलिमीटरच्या दोरीचा प्रुसिक किंवा ऑटोब्लॉक (हात सुटला तरी दोर धरणारी गाठ). मग स्वतःचा अँकर तसाच ठेवून आधी डिव्हाइसवर वजन द्यायचं, सगळं धरतंय हे बघायचं, आणि त्यानंतरच अँकर सोडायचा. मोकळा शर्ट, ओढणी, लांब केस डिव्हाइसमध्ये अडकतात. अडकल्यावर सोडवायला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि ते ऑटोब्लॉकमुळेच मिळतात.

कोकणच्या बाजूच्या कड्यांवर दुपारी खालून वर येणारा वारा जोरात असतो. फेकलेला दोर परत अंगावर येतो किंवा बाजूच्या कपारीत जाऊन गुंततो. अशा वेळी दोर फेकू नका. पिशवीत भरून कमरेला लावा आणि उतरता उतरता सोडत जा. शेवटच्या माणसाने निघण्याआधी, खाली पोचलेल्याने दोर हातभर ओढून फिरतोय ना हे बघायचं. नंतर अडकला तर संध्याकाळी पुन्हा वर चढावं लागतं.

शरीराबद्दल थोडक्यात, कारण यावर इंटरनेटवर भरपूर आहे आणि बरंचसं घाईच्या लोकांनी लिहिलेलं आहे. स्नायू काही आठवड्यांत वाढतात. बोटांतले कंडरे आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्या यांना महिने, वर्षं लागतात. नव्या माणसाची ताकद सहा महिन्यांत त्याच्या बोटांच्या पुढे निघून जाते, आणि तिथेच अनामिकेच्या मुळाशी ‘टक्’ असा आवाज येतो. पहिली दोन वर्षं हँगबोर्ड (बोटांवर लटकायची फळी) लांब ठेवा. अंगठा वरून दाबलेली पूर्ण क्रिम्प (बोटं दुमडून धरलेली पकड) सवयीची करू नका, उघड्या बोटांनी धरायला शिका. आठवड्यात दोन दिवस वॉल, एक दिवस कातळ, जोराच्या दोन दिवसांच्या मधे ४८ तास. वाढत्या वयाच्या मुलांची बोटं मधल्या पेराजवळ दुखत असतील तर मलम लावून चढवू नका, एक्स-रे काढा. तिथे हाडाची वाढणारी चकती तडकलेली असू शकते.

पावसाळ्यात आपल्या कातळावर शेवाळ असतं आणि मार्ग बंद असतात. ते चार महिने वॉल, आणि गिअर. बदामीला पळायचा मोह होतो, पण तिथला वालुकाश्म ओला असताना कमकुवत होतो, होल्ड तुटतात आणि मार्ग कायमचा बिघडतो. पाऊस पडून गेल्यावर तिथे दगड नीट सुकू द्यावा लागतो.

दोर कोमट पाण्यात, साबणाशिवाय, मग सावलीत वाळवायचा. वाळल्यावर सगळी लांबी बोटांतून सरकवा. कुठे मऊ, चपटं लागलं, कुठे जाडी बदलली, कुठे आतला पांढरा गाभा दिसला तर तो भाग बाद. दर आठवड्याला वापरला जाणारा दोर साधारण वर्षभर, महिन्यातून काही वेळा वापरला तर तीनेक वर्षं, आणि अजिबात न वापरलेलाही दहा वर्षांच्या पुढे नाही. घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ किंवा गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी दोर ठेवू नका. ॲसिडच्या नुसत्या वाफेनेही नायलॉन मरतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बाद झालेला दोर ‘ट्रेकला चालेल’ म्हणून कुणाला देऊ नये, कारण तो तिसऱ्या हातात गेला की त्याचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा. कपडे वाळत घालायला उत्तम.