आधी पॉइंट, मगच टायमिंग

चार सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन, पॉइंट-कंडेन्सरचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग; पॉइंट म्हणजे त्यातले उघडमीट करणारे संपर्क, ते उघडले की ठिणगी पडते; कंडेन्सर पॉइंटना जळण्यापासून वाचवतो). आयडलिंगला ठीक, पण ॲक्सिलरेटर हलका दाबला की मधेच मिस व्हायचं. डिस्ट्रिब्युटर ढिला करून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) फिरवायला मी आधी हात लावला नाही. पॉइंटचा गॅप वाढला की टायमिंग ॲडव्हान्स (लवकर) होतं, कमी झाला की रिटार्ड (उशिरा). म्हणून गॅप आधी.

बॅटरीची वायर काढून कॅप उघडली. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा, समोरच्यावर उंचवटा. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) फसवतं: पाती उंचवट्यावर टेकते, खरा गॅप जास्तच राहतो. नवा सेट आणि नवा कंडेन्सर घातला. पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) कॅमच्या (शाफ्टवरच्या, पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्याच्या) बरोबर टोकावर आणून गॅप ०.४० मिमी ठेवला (या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा, तुमचा वेगळा असू शकतो). कॅमला हाय-टेंपरेचर ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढंच. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं, अजिबात नसलं तर टाच झिजते आणि गॅप मिटत जातो.

खरा दोष तिथेच सापडला. बेसप्लेटला (पॉइंट बसतात ती प्लेट) अर्थिंग देणारी बारीक वायर बाहेरून धड दिसत होती. चिमट्याने ओढली तर आवरण रबरासारखं ताणलं गेलं. आतल्या तारा तुटलेल्या. ॲक्सिलरेटर हलका दाबला की इंजिनाच्या व्हॅक्यूमने (हवेच्या ओढीने) प्लेट फिरते आणि अर्थिंग तुटायचं, म्हणूनच हलक्या ॲक्सिलरेटरवर मिसिंग. इथे साधी जाड वायर घालू नका, कडक असते, लवकर तुटते. बारीक तारांची लवचीकच हवी.

मग ड्वेल मीटर (ड्वेल म्हणजे शाफ्ट फिरताना पॉइंट किती अंश मिटलेले राहतात). ६० अंश आले. रेस वाढवल्यावर फरक एका अंशाचा, म्हणजे शाफ्टचं बुश शाबूत. तीन अंशांहून जास्त हललं असतं तर डिस्ट्रिब्युटर उतरवावाच लागला असता.

आता टायमिंग. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला आणला, रोटर एक नंबरच्या वायरकडे आहे हे पाहिलं. १२ व्होल्टचा बल्ब कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला जोडला. पॉइंट उघडतात त्या क्षणी तो पेटतो, म्हणजे ठिणगीचा क्षण कळतो. इंजिन फिरण्याच्या दिशेनेच फिरवायचं. टायमिंगची खूण ओलांडली तर बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणायचं, नाहीतर गिअरमधला प्ले आकडा चुकवतो. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू ठेवू नका, कॉइल तापते.

शेवटी स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर चमकून टायमिंगची खूण दाखवणारा दिवा). व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं, ७०० आरपीएमला टीडीसीआधी (पिस्टन सर्वांत वर पोचण्याआधी) ८ अंश लावले आणि क्लॅम्प कसला. कसताना डिस्ट्रिब्युटर किंचित फिरतोच, म्हणून पुन्हा पाहिलं. रेस वाढवली तशी खूण सलग सरकत गेली. ती अडकत किंवा उड्या मारत गेली तर रेसप्रमाणे टायमिंग पुढे सरकवणारी आतली वजनं जाम आहेत किंवा स्प्रिंग सैल आहे. नळी तोंडाने ओढून जीभ लावली. प्लेट फिरून तशीच थांबली, म्हणजे डायफ्राम (व्हॅक्यूमने प्लेट ओढणारा पडदा) फाटलेला नाही.

नव्या पॉइंटची टाच बसायला वेळ घेते. ५०० किलोमीटरनंतर ड्वेल पुन्हा तपासा, आणि तो बदलला असेल तर टायमिंगही.