तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे भरून नवं व्हर्जन घ्यावं का?

"नवीन व्हर्जन आलंय, घेऊ का?" असं विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा नव्या सोयींची यादी असते. ती यादी सगळ्यात शेवटी वाचा.

आधी बघा, तुमच्याकडच्या व्हर्जनला सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून मिळतात का. ऑफिस 2016 आणि 2019 या दोन्हींचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. दुसऱ्या दिवशीही वर्ड नेहमीसारखं उघडलं, आणि फसगत होते ती इथेच. यापुढे सापडणारी भोकं बुजवली जाणार नाहीत आणि मेलवर आलेली फाईल तर तुम्ही उघडणारच. ब्राउझर, मेल, ऑफिस, पीडीएफ अशा बाहेरच्या फाईलींशी संबंध येणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत हिशेब मांडत बसू नका. अपग्रेड करा, नाहीतर दुरुस्त्या मिळत असलेलं दुसरं काही घ्या. नेटशिवाय चालणारं, फक्त तुमच्याच फाईली उघडणारं सॉफ्टवेअर मात्र जुनं असलं तरी खुशाल वापरा.

दुसरा प्रश्न परतीच्या वाटेचा, आणि माझ्या मते निर्णय खरा इथेच होतो. पुस्तकं-मासिकांची पानं मांडायच्या इनडिझाइनच्या नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाईल जुन्यात थेट उघडत नाही. आयडीएमएल, म्हणजे जुन्या व्हर्जनलाही वाचता येणाऱ्या प्रकारात, करून द्यावी लागते, आणि तसं केल्यावर कुठेतरी एखादी ओळ पुढच्या पानावर सरकू शकते, म्हणजे सगळी पानं पुन्हा तपासणं आलं. फोटोंसाठीच्या लाइटरूम क्लासिकची मोठी व्हर्जन्स बदलताना कॅटलॉगची, म्हणजे फोटोंच्या आणि त्यांवर केलेल्या कामाच्या नोंदवहीची, नवी प्रत बनते. जुनी शाबूत राहते, पण नव्यात केलेलं काम तिच्यात येत नाही. म्हणून ज्यांच्याशी फाईलींची देवाणघेवाण असते, त्यांच्याकडे कोणतं व्हर्जन आहे ते पैसे भरण्याआधी विचारा.

वापरून बघण्यासाठी मिळणाऱ्या ट्रायलची मुदत सुरू झाली की थांबत नाही, तेव्हा मोकळा दिवस हाताशी असल्याशिवाय ते सुरू करू नका. तुमची सगळ्यात जड फाईल घ्या, मूळ नव्हे, तिची प्रत. आधी जुन्या व्हर्जनमध्ये घड्याळ लावून उघडायला, एक्स्पोर्ट करायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा, मग नव्यात तेच करा. प्लगइन, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, एकेक करून चालवून बघा. नव्या पद्धतीच्या 64 बिट प्रोग्रॅममध्ये जुन्या पद्धतीचं 32 बिट प्लगइन थेट लोड होत नाही, आणि प्लगइनच्या अपग्रेडचे पैसे वेगळे पडले तर तेही किमतीत धरायचे.

आता गणित. 6 मिनिटांचं काम 4 मिनिटांत होतंय आणि आठवड्यातून 10 वेळा करावं लागतंय, तर आठवड्याला 20 मिनिटं वाचली, 50 आठवड्यांत साडेसोळा तासांच्या वर. तेच काम महिन्यातून दोनदाच असेल, तर वर्षभरात 48 मिनिटं. एवढा वेळ तर नवे मेनू शोधण्यातच जाईल! ज्या सोयीचं आठवड्यातलं एकही काम तुम्हाला नेमकं सांगता येत नाही, तिची किंमत शून्य धरा.

घ्यायचं ठरलं तर हातातलं काम आधी संपवा आणि पहिला दुरुस्ती अपडेट येऊ द्या. जुना इन्स्टॉलर आणि लायसन्स की जपून ठेवा. अपग्रेडच्या सवलतीसाठी जुनं लायसन्स दाखवावं लागू शकतं, आणि काही कंपन्या ती सवलत ठरावीक व्हर्जनांपुरतीच देतात. यंदा थांबलात तर पुढच्या वेळी पूर्ण किंमत पडेल का, ते अटींमध्ये आत्ताच बघून घ्या.