ओढणी सुती घ्या, आणि कोंबडीचं वेगळं विचारा

परवा लिफ्टमध्ये तुम्ही विचारलंत, "सून कैरोला निघालीय. मुस्लीम देशात बाईमाणसाने घालायचं काय, आणि शाकाहारी माणसाने खायचं काय?" चौथा मजला येईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. हाच प्रश्न मला हळदीकुंकवाला विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. नणंदेबरोबर मी इजिप्त, इराण आणि तुर्कस्तान असे तीन देश फिरले म्हणून. नणंद अंडंही खात नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. लिफ्टमध्ये राहिलेलं आता सांगते.

आधी कपडे. तीन देशांचे तीन कायदे. इराणमध्ये १९७९च्या क्रांतीनंतर बायकांना डोकं झाकायची सक्ती आली, ती परदेशी पाहुणीलाही. शेजारच्या तुर्कस्तानात नेमकं उलटं: तिथे २०१३पर्यंत सरकारी कचेरीत काम करणाऱ्या बाईला डोक्याला रुमाल बांधून जायलाच बंदी होती. आजही इस्तंबूलच्या रस्त्यावर एक मैत्रीण डोकं झाकलेली आणि दुसरी स्कर्टमध्ये, अशा दोघी हातात हात घालून जाताना दिसतात. इजिप्तमध्ये पर्यटक बाईने डोकं झाकावं असा कायदा नाही, मशिदीत जाताना मात्र झाकायचं. त्यामुळे सुनेला "मुस्लीम देशात" काय चालतं ते विचारू नका, कैरोत काय चालतं ते विचारा.

कैरोत आपला पंजाबी ड्रेस चालतो, नुसता चालत नाही, धावतो. सैल, लांब बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा, आणि ओढणी सोबत. मशीद आली की ओढणी डोक्यावर, बाहेर पडलं की खांद्यावर. बायका मुद्दाम बुरखे विकत घेऊन जातात, त्याची काही गरज नाही.

साडीचं मात्र ऐका. नणंदेने हट्टाने सहावारी नेसली. पदर डोक्यावर होता, आणखी काय पाहिजे, असं तिचं म्हणणं. मशिदीच्या दारातल्या माणसाने अदबीने तिच्या कमरेकडे बोट दाखवलं आणि एक झगा पुढे केला. आपल्याला साडी म्हणजे अंगभर वस्त्र, पण ब्लाउज आणि निऱ्या यांच्यामधली ती वीतभर जागा आपल्याला दिसतच नाही, इतकी सवय झालेली असते. तो झगा साडीवर चढवून ती पुढचा तासभर रेनकोट घातल्यासारखी फिरली. फोटो आहेत, पण ती दाखवू देत नाही.

ओढणी सुती घ्या. शिफॉनची घसरते. इराणमध्ये हॉटेलच्या दारापासून टॅक्सीपर्यंत माझी तीनदा घसरली. शिराझला शाह चेरागच्या दर्ग्यात तर नुसत्या ओढणीनेही भागत नाही, दारातच फुलाफुलांची चादोर देतात. चादोर म्हणजे शब्दाने आणि दिसायलाही आपली चादरच. बटण नाही, नाडी नाही. एका हातात पर्स, दुसऱ्यात चपलांची पिशवी, आता ही धरायची कशी? शेजारून एक आजी गेल्या, त्यांनी कड सरळ दातात धरली होती. आमची आजी ओट्यापाशी पदर धरायची तशी.

मी गेले ते २०२२च्या आधी. त्या सप्टेंबरात महसा अमिनी ही तरुणी, डोकं नीट झाकलं नाही म्हणून पकडलेली, पोलिसांच्या ताब्यात असताना गेली आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. तेव्हापासून तेहरानमध्ये पुष्कळजणी रुमालाशिवाय हिंडतात, कायदा मात्र रद्द झालेला नाही. त्यांचं न बांधणं हा त्यांचा झगडा आहे आणि त्याची किंमत त्या मोजतात. आपण आठ दिवसांच्या पाहुण्या, आपण ओढणी घ्यावी, असं माझं मत. आणि सध्या तिकडे जावं का, हे तिकीट काढण्याआधी नीट बघावं.

एक गोष्ट गोड करून सांगणार नाही. अंगभर कपडे घातले म्हणजे कैरोत कोणी काही बोलणार नाही, असं नाही. डोकं झाकलेल्या तिथल्या बायकांनाही रस्त्यावर त्रास होतो. २०१४ साली इजिप्तने छेडछाडीला कायद्याने गुन्हा ठरवलं, ते उगाच नव्हे. सुनेला सांगा, मेट्रोत बायकांचे डबे असतात, गाडीच्या मधोमध. लोकलचा लेडीज डबा ज्याला ठाऊक आहे त्याला तिथे काही शिकवावं लागत नाही. धक्के मारणं, जागा धरणं, सगळं ओळखीचं.

आता जेवण, म्हणजे खरा प्रश्न.

शिराझमध्ये पहिल्याच रात्री मी शहाणपणा केला. मेनूवर "गोर्मे सब्जी" दिसली. सब्जी! नणंदेला म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतीस. हिरवंगार, दाट, मेथीच्या वासाचं कालवण आलं, त्यात राजमा, एक वाळलेलं काळं लिंबू, आणि चमचा घातल्यावर तळातून मटणाचे तुकडे. फारसीत सब्जी म्हणजे कोथिंबीर, मेथी असला हिरवा पाला. त्या पाल्यासोबत काय शिजतं, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. नणंदेने त्या रात्री भाकरीएवढ्या नानबरोबर दही-काकडी खाल्ली आणि माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून "बेदूने गूश्त" पाठ केलं, गोश्ताशिवाय. तरी पुरत नाही, कारण गूश्त म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बकरा येतो, कोंबडी येत नाही. अरबीतही तेच. कैरोत "लहमा नको" म्हटलं की माणूस आनंदाने मान हलवतो आणि चिकन आणतो. फसवत नसतो तो, लहमा म्हणजे लाल मांस, कोंबडी त्यात धरतच नाहीत. म्हणून तिन्ही नावं घ्यायची: लहमा नको, फिराख नको, समक नको. मटण, कोंबडी, मासा. आणि चौथं, शोरबा कशाचा, ते विचारायचं. मुलूखिया नावाची पालेभाजी दिसायला आपल्या अळूच्या फदफद्याची बहीण, पण बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेली. भातातही ते पाणी असू शकतं.

पण कैरोत एक जादूचा शब्द आहे, तो सुनेला कागदावर लिहून द्या: "सियामी". सियाम म्हणजे उपास. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिश्चन बरेच आहेत आणि ते वर्षाकाठी दोनशेहून जास्त दिवस उपास धरतात, त्यात मांस, दूध, अंडं काही चालत नाही. त्यामुळे "मी शाकाहारी" हे समजावत बसण्यापेक्षा "सियामी आहे का?" विचारलं की चटकन कळतं. आपली एकादशी-चतुर्थी जाणणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. काही उपासांना मासा चालतो, तेवढं "समक" विचारून घ्यायचं.

आणि कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कुरकुरीत कांदा. कोशरीच्या दुकानात दुसरं काही विचारायचंच नाही, लहान की मोठी एवढंच. तो माणूस एकेका पातेल्यातून डाव मारताना पातेल्याच्या कडेवर असा खणखणाट करतो की मिसळीच्या गाडीवर उभं असल्यासारखं वाटतं. टेबलावर दोन बाटल्या असतात. एकीत लसूण-जिरं घातलेलं व्हिनेगर, ते सढळ हाताने घाला. दुसरीत शत्ता, म्हणजे तिखट, ते थेंबाने. नणंदेने सहा दिवसांत चारदा कोशरी खाल्ली. सकाळी फूल, म्हणजे शिजवून घोटलेले वालासारखे मोठे दाणे. त्याच दाण्यांचे वडे म्हणजे तामिया, पावात घालून. वडापावच तो, फक्त बटाटा नाही. कांदा-लसूण चालत नसेल तर मात्र हाल आहेत, फळांवर आणि खाकऱ्यांवर दिवस काढा.

तुर्कस्तानाचं दोन वाक्यांत. मसुराचं सूप बघून हुरळू नका, बऱ्याच ठिकाणी ते हाडांच्या पाण्यात करतात; "झेयतिनयाली" म्हणून ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या गार भाज्या मिळतात, त्या डोळे मिटून मागवा.

घरून मेतकूट आणि कोरडी चटणी द्याच, अडीअडचणीला बरी. फक्त तुम्ही म्हणालात की ती येताना दुबईत दोन दिवस बहिणीकडे उतरणार आहे. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, लोक पकडले गेलेत. तेव्हा बहिणीसाठी म्हणून बांधून ठेवलेले अनारसे आणि तो गोडा मसाला, दोन्ही बॅगेतून काढा.