तुम्ही विचारलंत म्हणून: गडावर जाऊन फुलं कशाला?

"साल्हेरला जाऊन आलात आणि फोटो सगळे सोनकीचे?" पावसाळा सरला की कुणीतरी हे विचारतंच. सूर असा, की हिला इतिहासाचं काही नाही. आहे. फेब्रुवारी १६७२ मध्ये याच गडाच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांच्या फौजांनी मोगलांचा वेढा मोडला, मराठ्यांचे सरदार सूर्यराव काकडे तिथेच पडले. हे ठाऊक आहे म्हणून तर जाते. नुसती सोनकी हवी असती तर कासला गेले असते.

आज्ञापत्रात, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, गडाच्या निगराणीबद्दल लिहिलंय: तटावर वाढणारी झाडं वरचेवर तोडावीत, गवत जाळावं. म्हणजे गड लढता असताना चिऱ्यांच्या सांध्यात तेरडा वाढू दिला नसता. पहारा उठला म्हणून तो आज तिथे फुलतो. मला तो चिऱ्यासकट फोटोत हवा असतो. यात अनादर कुठे आला?

असं मी ठणकावून सांगायचे. मग एकदा पायथ्याच्या वाघांबे गावाकडून चढताना साल्हेर आणि शेजारचा सालोटा गड यांच्यातल्या खिंडीत थांबलो होतो. उतार सोनकीनं पिवळा झालेला, मी पालथी पडून फोकस जुळवत होते. आमच्यातली एक मैत्रीण शेजारी येऊन बसली. तिचा भाऊ फौजेत होता, काश्मीरमध्ये गेला. म्हणाली, "तो पडला तिथेही फुलं येत असतील गं. उद्या कुणी तिथे जाऊन नुसते फुलांचे फोटो आणले, तर मला नाही बघवणार." आवाजात राग नव्हता. "इथे साडेतीनशे वर्षं होऊन गेली" हे उत्तर माझ्या ओठांवर आलं, आणि ते किती निर्दय आहे ते त्याच क्षणी कळलं. किती वर्षांनी चालेल, हे मी कोण ठरवणार? मी गप्प राहिले. ती उठून पुढे चालू लागली.

पूर्वी मी लिहायचे, फुलांना लढाई ठाऊक नसते. आता ते वाक्य फार सोयीचं वाटतं. फुलांना नसेल, मला आहे ना! पण तिचंही सगळं मान्य करवत नाही. माणसं पडली तिथे फक्त मरणच आठवायचं, तर पायथ्याच्या गावांनी नांगर कुठे धरायचा?

हल्ली फोटोखाली फुलाच्या नावासोबत लढाईचं सालही लिहिते. तेवढ्यानं भागत नाही, असं तिनं मला तोंडावर सांगितलंय. तरी मी फुलांचेच फोटो काढणार आहे.