आटणी, घट आणि बिटकॉइन: आखाजीपासूनची वही

मागच्या टिपणात ठरवलं होतं की उन्हाळाभर सिग्नेटवर हात बसवायचा. सिग्नेट म्हणजे बिटकॉइनचं सरावाचं जाळं. नियम जवळजवळ तेच, पण नाण्याला दमडीची किंमत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरुवात केली, आता मृग लागलाय. जमलं ते आणि फसलं ते, दोन्ही लिहितोय.

नवखी मंडळी जे प्रश्न विचारतात ते यंदा मला मामांकडून ऐकावे लागले. मामा जळगावच्या सराफ बाजारात कारागीर. मे महिन्यात दुपारी पारा 45 च्या आसपास असतो, गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि त्यांच्या खोलीत कूलर आहे. सुट्टीच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन तिथेच. ते बसल्या बसल्या फुलीच्या नथीला मोती ओवत आणि मधूनच असा एक प्रश्न टाकत की माझा तासभर जाई.

पाकीट (आखाजीचा आठवडा)

स्पॅरो हे पाकीट लॅपटॉपवर घेतलं आणि सिग्नेटवर चालू केलं. त्याने बारा इंग्रजी शब्द दिले, ते किराणाच्या वहीच्या पानावर उतरवले. फुकट सराव-नाणी देणारे नळ असतात, तिथून 0.01 नाणं आलं, म्हणजे 10 लाख सातोशी (एका बिटकॉइनचे 10 कोटी सातोशी होतात). मामांना दाखवलं. आणि त्यांच्या समोरच पाकिटाची फाइल उडवली.

मामांचा हात थांबला. "गया ना भो पैसा?"

मग नवीन पाकीट उघडलं, पानावरचे बारा शब्द टाकले, अर्ध्या मिनिटात 10 लाख सातोशी पुन्हा समोर. मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "मंग पाकीटमा शे काय?"

हाच प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी उलटा विचारायला हवा होता. पाकिटात नाणं नसतंच. नाणं कुठे "असतं" असं म्हणायचंच झालं, तर सगळ्यांकडे नक्कल असलेल्या त्या हिशेबवहीत एक ओळ असते: एवढी रक्कम, आणि अमुक किल्लीची सही दाखवेल तोच ती खर्च करू शकेल. पाकीट ती किल्ली सांभाळतं, सही करतं, आणि वहीत आपल्या नावच्या ओळी शोधून बेरीज दाखवतं. बारा शब्द म्हणजे त्या सगळ्या किल्ल्यांचं बियाणं. शब्द 2,048 च्या ठरलेल्या यादीतले असतात. एका शब्दात 11 बिट, बारा शब्दांत 132, त्यातले 128 खरे आणि शेवटचे 4 पडताळणीचे. म्हणून मनाने कुठलेही बारा शब्द घेतले तर सोळात एकदाच पाकीट ते मान्य करतं. मी बसून करून पाहिलं, नवव्या खेपेला मान्य झालं. ("मनाने शब्द निवडू नका" हे वाक्य मी इथे चौथ्यांदा लिहितोय. माणसाचं मन फार अंदाज येण्याजोगं असतं.)

दुसऱ्याच दिवशी पत्ता बदललेला दिसला, तेव्हा मामांना वाटलं घोटाळा झाला. घोटाळा नाही. पाकीट दर वेळी नवा पत्ता पुढे करतं, जुनाही चालतोच. एकच पत्ता वापरत राहिलं तर आपला सगळा हिशेब कोणालाही एका जागी वाचता येतो, इतकंच.

आटणी (मेचा दुसरा आठवडा)

इथे खरी फजिती झाली, म्हणून सावकाश लिहितो.

स्पॅरो सगळं स्वतः करून देतं, त्यामुळे कळत काहीच नाही. म्हणून बिटकॉइन कोअर हा बिटकॉइनचा मूळ प्रोग्रॅम सिग्नेटवर चालवला. कोअर बारा शब्द देत नाही, त्याची पाकीट-फाइलच जपावी लागते. त्यात नळाकडून पुन्हा 0.01 घेतलं आणि ठरवलं की व्यवहार हाताने बांधायचा. आदेश "क्रिएट रॉ ट्रान्झॅक्शन". त्याला दोन गोष्टी सांगायच्या: कुठली जुनी रक्कम वापरायची, आणि कुठल्या पत्त्यावर किती द्यायचे. मी लिहिलं: ही 10 लाखांची रक्कम घे, स्पॅरोच्या पत्त्यावर 1 लाख दे. सही केली. पाठवलं. दहाएक मिनिटांत ब्लॉकमध्ये, म्हणजे हिशेबवहीच्या नव्या पानावर, गेलंसुद्धा.

स्पॅरोत 1 लाख आले. कोअरमध्ये शिल्लक शून्य.

पाच मिनिटं मी शिल्लक परत परत विचारत बसलो. वाटलं, गणती मागे पडली असेल. मग व्यवहार उलगडून पाहिला. आत 10,00,000, बाहेर 1,00,000. फी 9,00,000.

व्यवहारात फीचा रकानाच नसतो! आत घातलेल्या रकमा वजा बाहेर काढलेल्या रकमा, जे उरेल ती फी. आणि जुनी रक्कम अर्धी मोडता येत नाही, ती अख्खी खर्ची पडते. उरलेली मोड आपल्याच पत्त्यावर परत लिहावी लागते. ती लिहायला मी विसरलो. माझा व्यवहार 110 व्हर्च्युअल बाइटचा (हे व्यवहाराच्या आकाराचं माप) होता, म्हणजे दर पडला बाइटला 8,181 सातोशी. कोअरला एक कुंपण आहे, बाइटला 10,000 सातोशींच्या वर दर गेला की ते पाठवायला नकार देतं. मी नेमका कुंपणाच्या आत. पाठवण्याआधी "टेस्ट मेमपूल ॲक्सेप्ट" हा तपासणीचा आदेश चालवला असता तर फीचा आकडा समोर आला असता. आळस केला.

मामांना सांगायला गेलो तर त्यांना समजवावंच लागलं नाही. ते म्हणाले, ही तर आटणी. गिऱ्हाईक जुनी पाटली घेऊन येतं आणि म्हणतं एवढ्यातून पोरीचे कानातले करा, उरलेल्याची लगड द्या. पाटली अर्धी वितळत नाही. अख्खी मुशीत जाते, नवे दोन तुकडे बाहेर येतात, आणि दोन्हींचं वजन जुन्याहून थोडं कमी भरतं. ती घट. कारागिराने लगड द्यायचीच विसरली तर सगळं घटीत गेलं म्हणायचं. मी सिग्नेटवर पाटलीची नव्वद टक्के घट करून आलो होतो.

"आणि घट कुणाले भेटस?" त्यांनी विचारलं. ज्याने ब्लॉक बांधला त्याला. "म्हणजे झारेकरी." सराफांच्या गटारीतली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी पूर्वी बाजारात रोज दिसत. उपमा मला आवडली, पण अर्धीच लागू आहे. झारेकरी आला नाही तरी बाजार चालतो, मायनर, म्हणजे ब्लॉक बांधणारा, आला नाही तर व्यवहार वहीत चढतच नाही. शिवाय सिग्नेटवर ब्लॉकही ठराविक लोकच सही करून बांधतात, तिथे खरी चुरस नाही.

दुसऱ्या वेळी मोड लिहिली. 10,00,000 आत, 1,00,000 तिकडे, 8,99,718 परत माझ्याकडे. दोन बाहेरच्या रकमा झाल्या की आकार 141 होतो, बाइटला 2 सातोशी धरून फी 282. म्हणजे फी किती सातोशी पाठवले यावर ठरत नाही, व्यवहार किती बाइटचा यावर ठरते. बाराशे चिल्लर रकमा गोळा करून एक मोठी रक्कम देणारा, एकाच लगडीतून देणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त फी भरतो. तुमच्यापैकी जे थेंब थेंब साठवताय त्यांनी हे आजच लक्षात घ्या, फीचे दर चढल्यावर नको.

शून्यं (मेचा शेवट, रात्री गच्चीवर)

मायनिंगबद्दल, म्हणजे ब्लॉक बांधण्याच्या चुरशीबद्दल, मला नेहमी वाटायचं की कुठलंतरी अवघड गणित सोडवत असतील. गणित काही नाही. ब्लॉकचा मथळा 80 बाइटचा: आवृत्ती, मागच्या ब्लॉकचा हॅश (मजकुरातून सूत्राने काढलेला, ठरलेल्या लांबीचा ठसा), आतल्या व्यवहारांचा एकत्रित ठसा, वेळ, काठिण्याची पातळी आणि नॉन्स हा एक आकडा. हे एसएचए-256 या हॅश काढायच्या सूत्रातून दोनदा काढायचं. उत्तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आलं तर जिंकलात, नाही तर नॉन्स बदला.

आधी 3 जानेवारी 2009 चा पहिला ब्लॉक स्वतः पडताळायचं ठरवलं. नॉन्स सगळ्यांना ठाऊक आहे, 2083236893. पायथनमध्ये 80 बाइट जोडले, हॅश काढला, आणि सुरुवातीला शून्यं नाहीतच. रात्रीचे दीड. मग नजर ओळीच्या टोकाला गेली तर शून्यं तिथे रांगेत उभी. बाइट उलट्या क्रमाने छापायची रीत आहे, ती मी विसरलो होतो. उलटवलं तर दहा शून्यं. मजा म्हणजे तेव्हा आठच पुरली असती, दोन फुकटची आहेत. आता 19-20 लागतात.

मग स्वतःचा खेळ. "जळगाव 1", "जळगाव 2" असं हॅश करत जायचं आणि पुढे किती शून्यं येतात ते पाहायचं. माझा लॅपटॉप सेकंदाला सुमारे 6 लाख हॅश करतो. सहा शून्यांना सरासरी 1 कोटी 67 लाख प्रयत्न लागतात, अर्ध्या मिनिटाचं काम. हॅश सोळा चिन्हांत लिहितात, म्हणून प्रत्येक पुढच्या शून्याला सोळापट. आठ शून्यांना सरासरी दोन तास.

एक तास चाळीस मिनिटं झाली आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपासून नावापुरती आहे, तोही झोपला. अंधारात मी चरफडत बसलो, "वीसच मिनिटं उरली होती!" खाटेवर पडल्या पडल्या डोक्यात आलं की उरलं काहीच नव्हतं. शंभर मिनिटं फासे टाकून सहा आला नाही म्हणून पुढच्या वेळी येण्याची शक्यता वाढत नाही. चालू ठेवलं असतं तरी त्या घडीपासून पुढे सरासरी दोनच तास. म्हणजे माझं बुडालंही काही नाही. लाईट आल्यावर "भुसावळ" लावून शून्यापासून सुरू केलं. सदतीस मिनिटांत आठ शून्यं आली. नशीब, बाकी काही नाही.

हे एक पटलं की मायनिंगच्या निम्म्या शंका सुटतात. दर 2,016 ब्लॉकनी काठिण्य बदलतं ते याचसाठी. फासे टाकणारे वाढले तर मर्यादा आणखी खाली ओढायची, म्हणजे ब्लॉक पुन्हा सरासरी दहा मिनिटांवर येतो. यंत्रं वाढवून नाणी लवकर निघत नाहीत. ब्लॉक बांधणाऱ्याचं बक्षीस 50 नाण्यांपासून सुरू झालं, दर 2,10,000 ब्लॉकना निम्मं होतं, एप्रिल 2024 पासून 3.125 आहे, आणि एकूण 2.1 कोटींच्या आतच थांबणार.

आता "जुन्या कॉम्प्युटरवर मायनिंग करू का" या सदाबहार प्रश्नाला एकदाच उत्तर. कॉम्प्युटर सोडा. 200 टेराहॅशचं (सेकंदाला 200 लाख कोटी हॅश) खास यंत्र घेतलं, एकट्याने चालवलं, आणि साऱ्या जगाचा वेग 800 एक्साहॅश (एक एक्सा म्हणजे दहा लाख टेरा) धरला, तर एका ब्लॉकला सरासरी 76 वर्षं. तेवढा वेळ साडेतीन किलोवॅट, म्हणजे दिवसाला 84 युनिट, आणि जळगावच्या मेमध्ये ते थंड ठेवायचं वेगळं. पूल लावलात, म्हणजे अनेकांनी मिळून मायनिंग करून बक्षीस वाटून घेतलंत, तर थेंब थेंब मिळेल, पण बिलाचा आकडा आधी घ्या. विकून नफा झाला तर 30 टक्के कर आहेच, विक्रीवर 1 टक्का टीडीएस वेगळा. मामा म्हणाले, सोन्यावर तीनच टक्के जीएसटी लागला तर आम्ही एवढी बोंब मारली.

एक छोटी गोष्ट टिपून ठेवतो. पत्ता लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर पैसे भलतीकडे जातील ही भीती बऱ्याच जणांना असते. सिग्नेटच्या नव्या पद्धतीच्या पत्त्यात मुद्दाम अक्षरं बदलून पाहिली, चारपर्यंतच्या चुका हमखास पकडल्या जातात. खरी भीती संगणकात शिरून चिकटवताना अख्खा पत्ताच बदलणाऱ्या भामट्या प्रोग्रॅमची. तिथे पत्ता अगदी बरोबर असतो, फक्त तुमचा नसतो.

ठसे (मृग)

पहिला पाऊस पडायच्या आदल्या दिवशी ते किराणाच्या वहीचं पान माठाखाली सापडलं. शाई पसरलेली, बारापैकी पाच शब्दांचं शेपूट गेलेलं. पण यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं इतर कोणत्याही शब्दाशी जुळत नाहीत, त्यामुळे पाकीट परत उघडलं. मामांनी पान उजेडात धरलं, मान हलवली आणि खणातून इंग्रजी अक्षरांच्या ठशांचा डबा काढला, तांब्याच्या भांड्यांवर नाव घालायचे ते. कागदावर कोण ठेवतं का असलं काही?

सरावाच्या शब्दांची पट्टी त्यांनीच ठोकली. तांब्याची, वीतभर, शब्दामागे चार अक्षरं, जास्तीत जास्त 48 घाव. तीन ठिकाणी अक्षर तिरकं गेलं म्हणून चिडले, मला मात्र ते फारच आवडलं. पट्टी गॅसवर लाल करून पाण्यात टाकली, अक्षरं जशीच्या तशी.

मुख्य, म्हणजे खऱ्या पैशाच्या, जाळ्यावरचं पाकीट परवा तयार केलं, अजून रिकामं आहे. काल नवी पट्टी घेऊन गेलो. मामांनी ऐरण पुढे ओढली, पहिला ठसा चिमटीत धरला. "हां, सांग."

मी गप्प. सांगितले की ते पाकीट दोघांचं झालं, हे त्यांना आखाजीपासून मीच ऐकवत होतो.

त्यांनी क्षणभर पाहिलं, हातोडी माझ्या हातात दिली आणि कूलर माझ्याकडे वळवला. "तू ठोक. मी भाईर बठस."

सातव्या शब्दाला माझं पहिलं अक्षर उलटं पडलं.