नोंद सहावी: दादू वस्तादाचा वाघ गेला, गवा आला

मागच्या नोंदीत मी माझ्या चित्रकथेतल्या दादू वस्तादाच्या सावलीत वाघ उभा केला होता आणि तुमच्यापैकी दोघांनी "चालतंय की" म्हणून सोडून दिलं होतं. चालत नव्हतं. आमच्या कोल्हापुरात वाघ रिक्षाच्या मागे आहे, मंडळाच्या फलकावर आहे, माझ्या चुलतभावाच्या दंडावरही आहे. इतक्या ठिकाणी बसून आलेला प्राणी दादूबद्दल नवीन काय सांगणार?

नव्यांसाठी: दादू म्हणजे माझ्या चित्रकथेतला साठीचा वस्ताद. कान फुटलेले, बोलणं कमी. तरुणपणी एका निकाली कुस्तीत समोरच्याची मान गेली, ती गोष्ट तो काढत नाही. प्रत्येक पात्राच्या सावलीत एक प्राणी दिसला पाहिजे, हा मी स्वतःला घालून घेतलेला नेम.

वाघानंतर महिनाभर हत्ती. साठमारीवरून, म्हणजे हत्ती झुंजवायच्या जुन्या मैदानावरून, रोजचं जाणं-येणं, त्यामुळे तो डोक्यात आयताच होता. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळावरच्या गजपट्टासमोर, म्हणजे दगडात कोरलेल्या हत्तींच्या रांगेसमोर, बसून अर्धी वही भरली. आईनं चहा गाळता गाळता निकाल लावला, "अगं, हत्तीला माहूत लागतो. तुझ्या दादूला कोण माहूत?" हत्ती गेला.

गवा मिळाला तो दाजीपूरच्या अभयारण्यात. पावसाळ्यात सफारी बंद, म्हणून नोव्हेंबरपर्यंत कळ काढली. दोन तास नुसती झाडं आणि धूळ. मग सड्याच्या कडेला एकटाच नर. मला वाटलं, शिंगं खाली घालून अंगावर येणार. तो आडवा वळला. अख्खी कूस आमच्याकडे, मान ताठ, आणि दोन-चार पावलं अगदी सावकाश. गाईड हळूच म्हणाला, "किती मोठा आहे ते दाखवतोय बघा." दोन नर समोरासमोर आले तरी बऱ्याचदा असं कूस दाखवण्यावरच भागतं, टक्कर होतेच असं नाही. मला खासबागचं कुस्तीचं मैदान आठवलं. हलगी वाजत असते आणि पैलवान शड्डू ठोकायच्या आधी मैदानात फेरी मारतो, अगदी तसं.

तिसऱ्या प्रकरणातली अडलेली चौकट तिथंच सुटली. मेलेल्या पैलवानाचा मुलगा तालमीत येऊन सगळ्यांदेखत दादूला बोलतो, तो प्रसंग. मी दादूचा हात उगारलेला सहा वेळा काढला, सहाही वेळा तो सिनेमातला वाटला. आता तो फक्त आडवा वळतो, खुंटीवरचा टॉवेल घेतो आणि तसाच उभा राहतो. त्याच्यामागच्या भिंतीवर सावली गव्याची.

काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गवा चुकतो तो पाठीत. आपण सवयीनं बैलाचं वशिंड काढतो. गव्याला तसं वशिंड नसतं. खांद्यापासून निम्म्या पाठीपर्यंत एक धार जाते आणि तिथं एकदम खाली तुटते. ती तुटकी रेघ जमली की उरलेला प्राणी आपोआप येतो. पांढऱ्या मोज्यांसारखे पाय मात्र दादूला कसे द्यायचे कळेना. शेवटी गुडघ्यांखाली क्रेप बँडेज गुंडाळलं. साठीच्या पैलवानाला ते शोभतंच.

आता अडचण. त्याच दिवशी मागच्या जीपमध्ये कुणाचा तरी फोन वाजला. एवढं प्रचंड जनावर, नाकातून जोरात फुत्कारलं आणि कारवी मोडत पळालं. पळालंच! माझा दादू तर कधीच पळत नाही. पंधरा दिवस मी गवा सोडून द्यायच्या बेतात होते. मग वाटलं, दादू पळत नाही हे ठरवलं कुणी? मीच, आणि तेही वाघ डोक्यात ठेवून. आता पाचव्या प्रकरणात रंकाळ्यावर त्याला त्या पैलवानाची बायको दिसते, तेव्हा तो अर्धी भेळ तशीच टाकून निघून जातो. प्राण्यानं पात्राकडून आपण न ठरवलेलं काही करून घेतलं, की जोडी जमली असं मी धरते. नाहीतर ते नुसतं बोधचिन्ह.

दादूचा पट्ठा पिंट्या पटकन सुटला. त्याला चित्ता. संस्थानी काळात इथं शिकारीसाठी चित्ते पाळायचे; डोळ्यांवर टोपी चढवून गाडीतून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की टोपी काढायची. पिंट्याचा खुराक दुसऱ्याचा, तालीम दुसऱ्याची, कुणाशी लढायचं तेही दुसराच ठरवतो. पहिल्या मिनिटात डाव बसला तर बसला, नाहीतर दम गेला.

राहिली त्या पैलवानाची बायको, अनसूया. तिला प्राणीच बसेना. तेव्हा खिद्रापूरची वही पुन्हा काढली. हत्तींचे कान काढण्यात मी इतकी गुंतले होते, की कोपेश्वरापुढे नंदी नाही हे कागदावर असूनही लक्षात आलं नव्हतं. लोक सांगतात, त्याचा नंदी यडूरला आहे, पलीकडे कर्नाटकात. देऊळ इथं, वाहन दुसऱ्या गावी. म्हणून अनसूयेच्या सावलीत मी जागा मोकळी सोडली आहे आणि नंदी पार शेवटच्या पानावर, दादू निघून गेला त्या रस्त्याच्या टोकाला बसवणार आहे.

फक्त कच्च्या रेखाटनात तो नंदी आणि गवा एकच दिसतायत. लांबून काळी आकृती म्हटलं की गळ्याखाली लोंबणारी पोळी आणि वशिंड एवढाच फरक उरतो. आधी चूकच वाटली, आता तसंच ठेवावंसं वाटतंय. रविवारी यडूरला जाऊन नंदी बघून येते, शाई त्यानंतरच.