हप्ते थकले, वाचन सुरू झालं

चर्चमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री वॉच नाइटची उपासना असते, तिथे बाराला घंटा होते, सगळे एकमेकांना हात मिळवतात आणि घरी येताना माणूस काहीतरी ठरवून येतो. मी लागोपाठ तीन वर्षं एकच ठरवत आलो: यंदा अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढायचं. हिशोब सोपा होता. ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होतं. तसा तक्ता मी कपाटाच्या दाराला चिकटवला. तोही आतल्या बाजूने. काय होणार ते मला आधीच कळलं असावं.

उत्पत्ती हे पहिलं पुस्तक भराभर सरतं, दुसऱ्याचा, निर्गमचा, पूर्वार्धही. मग निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, कड्या, पडदे आणि पुढे तिसरं पुस्तक लेवीय. तक्त्याप्रमाणे गेलं तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला लेवीयचा चौदावा अध्याय येतो. घराच्या भिंतीला चट्टा पडला तर याजकाने येऊन पाहायचं, घर सात दिवस बंद ठेवायचं, खराब दगड काढायचे, भिंत आतून खरवडायची, असे त्यात नियम आहेत. आमच्या भाड्याच्या खोलीला दर पावसाळ्यात ओल येते आणि मालक नुसता बघायलाही येत नाही. हे आठवून मी हसलो, पुस्तक मिटलं, ते मिटलंच.

पण खरा दोष लेवीयचा नव्हता, थकबाकीचा होता. चाकणला कंपनीत मी आठवड्याला शिफ्ट बदलतो: फर्स्ट, सेकंड, नाइट. पहाटे पाचला उठून वाचायचं ठरवलं तर नाइटच्या आठवड्यात पाचला मी मशीनवर असतो. दोन दिवस चुकले की सहा अध्याय मागे, आठवडा चुकला की तेवीस. थकलेल्या हप्त्यांसारखं ते अंगावर यायचं. शेवटी कपाट उघडायचीही लाज वाटायला लागली.

तिसऱ्या वर्षी तक्ता फाडून टाकला आणि सुट्टीला गावी गेलो. परतताना नगरहून रेल्वेने आलो. वाटेत केडगाव लागतं. नगरला खेटून आहे ते नव्हे, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन इथलंच. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोपर्यंत हेच काम चाललं होतं. गाडी स्टेशनात उभी असताना मनात आलं, बाईंना लेवीयचा चौदावा अध्याय गाळता आला नसेल. ओळ न् ओळ बसून उतरवावी लागली असेल. आणि मी तो वाचायला कंटाळलो.

घरी आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. एक, घड्याळ सोडलं. शिफ्ट कुठलीही असो, अंघोळ चुकत नाही. म्हणून अंघोळ झाली की चहाच्या आधी एक अध्याय. फक्त एक. चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दोन वाचायचे नाहीत. या हिशोबाने सगळं संपायला सव्वातीन वर्षं लागतात, लागू देत. सुरुवात नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, मार्कपासून केली, सोळाच अध्याय आहेत.

दुसरी गोष्ट आजीची. संध्याकाळी दिवा लागला की ती आम्हा पोरांना बसवायची. आधी गीत, मग अध्याय, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. ती ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचायची, अडखळायची, तरी मनात वाचत नसे. मी मोबाइलवर मनात वाचायचो आणि दुसऱ्याच वचनाला व्हॉट्सॲप यायचं. आता छापील पुस्तक आणि मोठा आवाज. तोंड चालू असलं की मन फार लांब जात नाही.

प्रार्थनेचं एवढ्यावर भागलं नाही. डोळे मिटले की नाइटवाल्याला झोप येते, किंवा मागण्यांची यादी सुरू होते. मग शंभरपानी वही आणली. रोज तारीख, एक नाव, एक ओळ. कधी बायको, कधी लाइनवरचा पोरगा, कधी ज्याच्याशी भांडण झालं तो. त्याचं नाव लिहायला मला चार दिवस लागले.

दादांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा नावापुढे लिहायला ओळच सुचेना. त्या दिवसांत मी बायबलमधलं तेरावं स्तोत्र वाचायचो. सहाच वचनं. ‘किती वेळ’ हा त्याचा सूर. देवाला इतकं तोंडावर विचारता येतं हे मला रविवारी कधी जाणवलं नव्हतं. दादा गेले. वहीत त्या दिवशी नुसती तारीख आहे. पुढचे अकरा दिवस कोरे. बाराव्या दिवशी अंघोळ झाली आणि हात आपोआप पुस्तकाकडे गेला.

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आलं. नवा करार झाला, लेवीय ओलांडलं (ओल अजून आहे), त्यापुढचं गणना चालू आहे. या आठवड्यात नाइट असल्याने सकाळी मुलीच्या शाळेच्या वेळेतच माझं वाचन होतं. काल गणनाचा सातवा अध्याय आला. वचनं ८९. बारा वंशांचे बारा सरदार एकेक दिवस येतात आणि प्रत्येक जण तंतोतंत तेच अर्पण आणतो: १३० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) भरणारं चांदीचं ताट, ७० शेकेलचा चांदीचा कटोरा... तिसऱ्याला मुलगी पोहे खाता खाता म्हणाली, ‘‘पप्पा, हे झालं ना आत्ता?’’ मी म्हटलं, हा दुसरा माणूस आहे. मग तिने बोटांवर सरदार मोजायला घेतले. आठवा आला तेवढ्यात खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. दप्तर उचलून दारातूनच ती ओरडली, ‘‘चार राहिलेत, माझ्याशिवाय वाचू नका!’’